मामा, स्पिटफायर आणि तिसऱ्या मजल्याचं पाणी

आमचे मामा ओझर मिगचे. नाशिकबाहेरच्या लोकांसाठी सांगतो, ओझर म्हणजे गाव आणि ओझर मिग म्हणजे एचएएलचा, म्हणजे सरकारी विमान कंपनीचा, कारखाना आणि टाउनशिप. विमानाच्या नावावरून वस्तीला नाव पडलंय आणि इथे कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. १९६४ ला कारखाना आला तोच मुळात मिग-२१ बनवायला. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचं धड, पंख, शेपूट आपल्याकडे, अशी वाटणी होती. मामांनी सगळी नोकरी त्या धडावर रिव्हेट मारण्यात काढली, आधी मिग-२१, मग मिग-२७, शेवटी सुखोई. पण हवेत? एकदाही नाही. त्यांचा पहिला विमानप्रवास रिटायर झाल्यावर, मुंबई-लंडन, मुलीकडे, आणि तिथेही म्हणे खिडकीतून पूर्ण वेळ पंखाचे स्क्रू बघत बसले होते.

तर ही मुलगी, म्हणजे आमची ताई, मामांच्या सत्तरीला त्यांना स्पिटफायरमध्ये बसवायचं म्हणतेय. दुसऱ्या महायुद्धातलं खरंखुरं लढाऊ विमान, मागच्या सीटवर आपण, पुढे पायलट, अर्धा तास. तिने फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि जे काही सुरू झालं! मामी म्हणाली जीव घेणार आहेस का बापाचा, धाकट्याने विचारलं किती पैसे, आणि मामांनी स्वतः फक्त एक ओळ टाकली, "स्पिटफायर कशाला, मिग-२१ मिळत नाही का?"

मी ग्रुपवरचा फुकट इंजिनियर असल्यामुळे उत्तरं माझ्या गळ्यात आली. तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण मामांचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही.

मिग-२१ आपल्या एअरफोर्समध्ये १९६३ ला आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला रिटायर झालं. स्पिटफायर पहिल्यांदा उडालं ५ मार्च १९३६ ला. म्हणजे स्पिटफायर मिगच्या आजोबांच्या वयाचं. मग आजोबांच्या खांद्यावर बसून फिरता येतं आणि नातवाच्या नाही, असं का?

एक तर आपल्याकडे तिकीट काढून फायटरमध्ये बसायची सोयच नाही, जुन्या नाही नि नव्या नाही. एअरफोर्सकडे उडत्या अवस्थेत ठेवलेली टायगर मॉथ, हार्वर्ड, डाकोटा अशी म्हातारी विमानं आहेत, पण ती सलामीला आणि शोला उडतात, तुम्हाआम्हाला फिरवायला नाही. फायटरच्या मागच्या सीटवर बसायला राष्ट्रपती व्हावं लागतं. २००६ मध्ये कलामसाहेब पुण्याच्या लोहगाववरून सुखोईत बसले, २००९ मध्ये प्रतिभाताई पाटील तिथूनच, आणि दोघांचंही वय तेव्हा ७४. हे मी मामीला मुद्दाम सांगितलं. ती म्हणाली त्यांच्यामागे दहा डॉक्टर असतात, तुझ्या मामांमागे मी एकटी आहे.

दुसरं कारण तांत्रिक आणि तेच जास्त महत्त्वाचं. जुनं जेट फायटर खाजगी माणसाने सांभाळणं म्हणजे वाघ पाळण्यासारखं. मिग-२१ चे पंख छोटे, त्रिकोणी, वेगासाठीच बनवलेले. असे पंख हळू उडताना विमानाला नीट उचलून धरत नाहीत, त्यामुळे उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वरच राहावं लागतं. स्पिटफायर उतरतं साधारण दीडशेच्या आतबाहेर. समृद्धी महामार्गावर काही महाभाग गाड्या पळवतात त्याच्यापेक्षा फार वेगळा आकडा नाही हा. आता इंजिन बंद पडलं असं धरा. स्पिटफायर एखाद्या शेतात पोटावर टेकवता येतं आणि माणसं बऱ्याचदा चालत बाहेर येतात. मिग शेतात टेकवता येत नाही, तिथे एकच उपाय, खुर्चीसकट बाहेर उडी, म्हणजे इजेक्शन सीट.

आणि ही खुर्ची म्हणजे एक छोटा बॉम्बच असतो. खाली स्फोटक काडतुसं असतात, त्यांना एक्स्पायरी डेट असते, ठरलेल्या मुदतीत बदलावी लागतात, ती कोणी बनवायची, कोणी विकायची, कोणी बसवायची याचे नियम असतात. साठ वर्षं जुन्या सीटचा माल मिळणं म्हणजे बंद पडलेल्या टीव्हीचा रिमोट शोधण्यासारखं, फक्त इथे रिमोट चालला नाही तर माणूस जातो. दक्षिण आफ्रिकेत २००९ च्या नोव्हेंबरमध्ये नेमकं तेच झालं. ब्रिटिश बनावटीचं लाइटनिंग नावाचं जुनं जेट शोमध्ये उडत असताना बिघडलं, पायलटला बाहेर पडता आलं नाही आणि तो गेला. मग २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या शोमध्ये हॉकर हंटर, जे एकेकाळी आपल्या एअरफोर्सकडेही होतं, ते लूप, म्हणजे हवेत उभी गोल कोलांटी, मारताना हायवेवर कोसळलं आणि रस्त्यावरची ११ माणसं गेली. त्यानंतर जुन्या जेट्सना तिथे जमिनीच्या वर आकाशात कसरती करायला बंदी आली, सरळ उडत जा म्हणाले.

रशियात काही वर्षं निझनी नोव्हगोरोदला पैसे भरून मिग-२९ मध्ये बसता यायचं, अमेरिकेत काही शौकिनांकडे स्वतःची जुनी मिग आहेत, झेक बनावटीचं एल-३९ हे ट्रेनर जेट बऱ्याच देशांत राइड देतं. म्हणजे अगदीच अशक्य नाही. पण म्हातारं, युद्ध बघितलेलं आणि तरी साध्या माणसाला नियमित बसवून आणणारं विमान म्हटलं की गाडी पंख्याच्या विमानांवरच येते. अमेरिकेत मस्टँग, इंग्लंडमध्ये स्पिटफायर.

हे ऐकून मामा जरा नाराज झाले, पण मग विचारलं, स्पिटफायर तर एका सीटचं ना, मग बसवणार कुठे, पंखावर? हा खरा फिटरचा प्रश्न. स्पिटफायर वीस हजारांच्या वर बनली आणि जवळपास सगळीच एका सीटची. पण युद्ध संपल्यावर कंपनीने मार्क नाइन या मॉडेलची काही विमानं कापून, पुढची केबिन थोडी पुढे सरकवून, मागे दुसरी सीट टाकून शिकाऊ पायलटसाठी ट्रेनर बनवली, एकूण फक्त २०. आणि त्या वीसांतली निम्मी कोणी घेतली माहितीये? आपण. १९४८ मध्ये भारताने १० घेतली, बाकी आयर्लंडला ६, हॉलंडला ३ आणि इजिप्तला १. आज इंग्लंडमध्ये राइड देणाऱ्या विमानांत काही जुनी आयर्लंडवाली आहेत, काही नंतर त्याच पद्धतीने दोन सीटची केलेली. मामा म्हणाले, म्हणजे आपल्याकडे दहा होती आणि आपण एकही उडती ठेवली नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता प्रत्यक्ष राइडमध्ये काय होतं ते. बहुतेकांना वाटतं हवेतला अर्धा तास म्हणजे राइड, पण दिवसाचा बराच भाग जमिनीवर जातो. आधी वजन-उंची, कारण सीट आणि पॅराशूट दोन्हीला मर्यादा असते आणि मागची केबिन म्हणजे लहान मुलांच्या झोक्याएवढी जागा. मग उडायचा सूट, पाठीला पॅराशूट, हेल्मेट. हो, खरं पॅराशूट, शोभेचं नाही. इजेक्शन सीट इथे नसल्यामुळे वेळ आलीच तर हाताने पट्टे सोडायचे, काचेचं झाकण उडवायचं आणि स्वतः बाहेर पडायचं, ते सगळं जमिनीवर समजावून सांगतात. ताईने हा भाग ग्रुपवर टाकायला नको होता. मामी दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

मग इंजिन. स्पिटफायरचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण मोठेपणा अर्धा त्याच्या इंजिनचा, रोल्स-रॉइस मर्लिन, बारा सिलेंडर, २७ लिटर. २७ लिटर म्हणजे किती ते कळावं म्हणून हिशोब केला, बुलेट साडेतीनशेची ७७ इंजिनं एकत्र बांधली तर तेवढं होतं. चालू होताना आधी एखाद-दुसरं सिलेंडर खोकतं, धूर येतो, बाजूच्या एक्झॉस्टच्या नळकांड्यांतून कधीकधी ज्वाळा दिसतात, नवखा माणूस समजतो पेटलं. पेटलेलं नसतं, थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल जळत असतं, यझदी किक मारताना फटाका फोडायची तसंच.

आणि एकदा चालू झालं की पायलटला घाई असते, ही गोष्ट मला फार मजेशीर वाटते. इंजिन पाण्याने थंड होतं, रेडिएटर पंखाखाली. विमान वेगात असताना त्यातून भरपूर हवा जाते, पण जमिनीवर उभं असताना पुरेशी जात नाही आणि काटा चढायला लागतो, द्वारकाच्या सर्कलला मे महिन्यात अडकलेली जुनी ॲम्बेसेडर आठवा. म्हणून स्पिटफायरला रनवेच्या तोंडाशी रांगेत उभं करणं म्हणजे पाप.

घाई आहे आणि पुढचं दिसत नाही! शेपटीखाली छोटं चाक असल्यामुळे नाक आभाळाकडे, आणि पायलटच्या डोळ्यासमोर फक्त ते लांबलचक इंजिन. मग तो विमान डावीकडे-उजवीकडे नागमोडी चालवत नेतो आणि बाजूने डोकावून रस्ता बघतो. टेकऑफला पॉवर दिली की सगळा प्रकार एका बाजूला ओढला जातो, कारण पंखा एका दिशेला फिरतो आणि विमान त्याचा बदला घेतं. मर्लिनवालं नाक डावीकडे पळतं, म्हणून पायलटचा उजवा पाय दाबलेला. उतरतानाही सरळ येत नाही, वळण घेत घेत येतो आणि शेवटच्या क्षणी सरळ होतो, परत तेच कारण, नाकापुढचं दिसत नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोरं १९४० मध्ये हे चालवायला शिकली आणि थोड्या तासांच्या अनुभवावर लढायला गेली, हे वाचताना दरवेळी पोटात कसंतरी होतं.

वर गेल्यावर आधी निवांत असतं. काही हजार फुटांवरच उडतात त्यामुळे ऑक्सिजन-बिक्सिजन लागत नाही. आणि मग बरेच पायलट ती गोष्ट करतात जिच्यासाठी लोक पैसे भरतात, हेडफोनवर सांगतात, घ्या, तुमच्या हातात. मागच्या सीटलाही कंट्रोल असतात, शेवटी ट्रेनरच ना. सगळे सांगतात की हे विमान फार हलकं लागतं हाताला, थोडंसं बोट लावलं की वळतं.

मग पायलट विचारतो, एखादी कसरत करायची का? नाही म्हटलं तर करत नाहीत. हो म्हटलं तर साधारण एक रोल, म्हणजे कुशीवरून पूर्ण गोल फिरणं, कधी एखादा लूप. इथे मामीचा खरा प्रश्न येतो, बीपीच्या माणसाला झेपेल का, आणि इथे तो जी फोर्स नावाचा प्रकार समजून घ्यावा लागतो ज्याबद्दल सगळे बोलतात आणि समजावत कोणी नाही.

आत्ता तुम्ही खुर्चीत बसलात ते एक जी. तुमचं नेहमीचं वजन. विमान वळायला लागलं की शरीर सरळ जायला बघतं, सीट त्याला वळवते, आणि तुम्हाला वाटतं वजन वाढलं. गंमत म्हणजे किती वाढणार ते विमान किती कलंडलंय यावरून लगेच सांगता येतं. उंची न सोडता ६० अंश कलंडून वळलं की बरोब्बर दोन जी, मग ते स्पिटफायर असो, सुखोई असो नाहीतर इंडिगोचं एअरबस. ७५ अंश कलंडलं की जवळजवळ चार. सत्तर किलोचा माणूस चार जीला २८० किलोचा होतो. मांडीवर ठेवलेला हात उचलवत नाही, गाल खाली ओढले जातात, मान वाकडी असेल तर दोन दिवस दुखते.

पण वजन हा त्रास नाहीये, त्रास रक्ताचा आहे. आमच्या कॉलनीत पाणी येतं तेव्हा प्रेशर कमी असलं की तळमजल्यावर बादली भरते, पहिल्यावर धार बारीक होते आणि तिसऱ्या मजल्यावर नळातून नुसता फुस्स आवाज येतो. शरीरातही तेच. हृदय हा पंप, आणि मेंदू पंपापासून साधारण तीस सेंटीमीटर वर राहतो, तिसऱ्या मजल्याचा भाडेकरू. एवढं रक्त वर चढवण्यात नेहमीच्या एका जीमध्ये साधारण २२ पॉइंट प्रेशर खर्च होतं, बीपीच्या मशीनवरचे पॉइंट. म्हणजे हृदयापाशी १२० असेल तर मेंदूत ९८. दोन जीला रक्ताचंच वजन दुप्पट झालं, खर्च ४४, मेंदूत उरले ७६. तीन जीला ५४. चारला ३२. पाचला १०. पुढे विचारूच नका.

आता डोळे. डोळ्याच्या आत स्वतःचं प्रेशर असतं, पंधरा-वीस पॉइंटच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच पण नळाला वर कडक वॉशर बसवलेला. त्यामुळे रक्त कमी पडायला लागलं की मेंदूच्या आधी डोळे जातात. आधी रंग उडतात, सगळं करडं दिसतं, मग कडा काळ्या होत होत नळीतून बघितल्यासारखं, मग काळोख, आणि गंमत म्हणजे त्या काळोखातही माणूस शुद्धीवर असतो, ऐकू येतं, बोलता येतं. त्यापुढेही जी तसाच राहिला तर मात्र शुद्ध जाते. म्हणून ते करडं दिसणं ही घंटा आहे, पायलटला सांगायचं, तो कंट्रोलचा दांडा ढिला सोडतो आणि दोन-तीन सेकंदात उजेड परत.

उपाय काय, तर कॉलनीतही जो आहे तोच, खालचे नळ बंद करा. मांड्या, पोटऱ्या, ढुंगण, पोट सगळं आवळायचं, श्वास भरून रोखायचा, दर तीनेक सेकंदांनी झटकन सोडून परत भरायचा. खाली रक्त साठायला जागाच नाही ठेवायची. जेट पायलट जो सूट घालतात तो हेच करतो, पोट आणि पायाभोवतीच्या पिशव्यांत आपोआप हवा भरते आणि बाहेरून आवळते. स्पिटफायरच्या राइडला असा सूट लागत नाही कारण पाहुण्याला घेऊन सौम्यच उडवतात, जी वाढला तरी तीन-चारच्या आसपास आणि तोही काही सेकंद. मेंदूकडे चार-पाच सेकंदांचा ऑक्सिजन शिल्लक असतो, तेवढ्यात वळण संपतं. जेट फायटरवाले नऊ जी ओढतात ते वेगळं जग आहे.

मामांच्या बाबतीत मी एकच सांगितलं, बीपीच्या गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. काही गोळ्या नळ्या सैल करतात, म्हणजे खालचे नळ आणखी उघडे. डॉक्टर नको म्हणाले तर सरळ विमान उडवायला सांगा, कसरत नाही केली म्हणून कोणी पैसे परत मागायला जात नाही. वयाचं म्हणाल तर जॉय लॉफ्टहाउस म्हणून बाई होत्या, युद्धात कारखान्यातून नवी विमानं एअरफोर्सच्या तळांवर पोचवायचं काम करायच्या, त्या २०१५ मध्ये ९२ व्या वर्षी परत स्पिटफायरमध्ये बसल्या आणि कंट्रोलही हातात घेतले. मामी यावर काही बोलली नाही, पण मेसेजला दोन निळ्या टिका आल्या.

उलटीचं मात्र सगळ्यांनी मनावर घ्या, कारण बेशुद्ध कोणी पडत नाही पण पिशवी बऱ्याच जणांना लागते. कानाच्या आत पाण्याने भरलेल्या बारीक नळ्या असतात, त्या मेंदूला सांगतात आपण वळतोय, कलंडतोय. डोळे केबिनच्या आत बघत असले तर ते सांगतात, छे, सगळं स्थिर आहे. दोघांचं भांडण झालं की मेंदू ठरवतो विषबाधा झाली, काढा बाहेर. कसारा घाटात एसटीत मोबाइल बघणाऱ्याचं हेच होतं. आणि ड्रायव्हरला कधी उलटी झालेली बघितलीय? नाही, कारण वळण येणार हे त्याच्या हातांना आधीच माहीत असतं. म्हणून मळमळलं की लांब क्षितिजाकडे बघायचं आणि पायलटला म्हणायचं जरा दांडा माझ्याकडे द्या. रिकाम्या पोटी जायचं नाही, पण सकाळी दोन मिसळ आणि वर जिलबी हाणून पण जायचं नाही, हे आमच्या घरात वेगळं सांगावं लागतं.

एक गोष्ट विषयाशी थेट नाही पण मामांसाठी टाकतोच. जी उलटाही होतो, विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की माणूस सीटमधून वर उचलला जातो. सुरुवातीच्या मर्लिन इंजिनला हे अजिबात चालायचं नाही, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन ऐन लढाईत गचके खायचं, समोरच्या जर्मन विमानाला इंजेक्शन पंप असल्यामुळे तो खुशाल खाली सूर मारून पळायचा. तोडगा काढला बिअट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनियर बाईंनी, १९४१ मध्ये. काय तर पेट्रोलच्या लाइनमध्ये बसवायची एक भोक असलेली छोटी चकती! भोकाचं माप असं की इंजिनला पूर्ण पॉवरला लागेल तेवढंच पेट्रोल जाईल, जास्त नाही. विमान न उघडता, आहे तिथेच बसवता यायची. ह्या बाई रेसिंगच्या मोटरसायकली पळवायच्या, ते वेगळंच. मामांनी या मेसेजला तीन अंगठे दिले, आतापर्यंतच्या कुठल्याही नातवंडाच्या फोटोला एवढे दिलेले नाहीत.

आता पैसे आणि तो कागद.

अर्ध्या तासाचे साधारण तीन हजार पाउंड, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास. धाकटा म्हणाला एवढ्यात तर स्कूटर, फ्रिज आणि मामीच्या पाटल्या होतील. खरंय. पण हे पैसे जातात कुठे बघा. मर्लिन तासाला दीड-दोनशे लिटर विमानाचं पेट्रोल पितं, हा त्यातला छोटा खर्च. मोठा खर्च असा की इंजिनला ठरलेले तास झाले की ते उतरवून पूर्ण खोलावं लागतं आणि हे काम येणारी माणसं आणि वर्कशॉप जगात बोटावर मोजण्याइतकी. पार्ट दुकानात मिळत नाही, जुना सापडला तर तपासून घ्यायचा नाहीतर ड्रॉइंगवरून नवा बनवून घ्यायचा. शिवाय इन्शुरन्स, हँगर, आणि वर्षातले कितीतरी दिवस ढग-पावसात जमिनीवर. म्हणजे तुम्ही साडेतीन लाखांत अर्ध्या तासाची मजा घेताय असं वाटतं, पण खरं तर तुम्ही एका म्हाताऱ्याच्या दवाखान्याच्या बिलात वर्गणी भरताय आणि त्या बदल्यात तो तुम्हाला एक चक्कर मारून आणतो. राइड बंद झाल्या तर यातली बरीच विमानं म्युझियममध्ये दोरीच्या पलीकडे जातील. दिल्लीला पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये आपलं एक स्पिटफायर तसंच उभं आहे.

ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी टायगर मॉथ किंवा हार्वर्डची राइड बरीच स्वस्त असते, आणि काही ठिकाणी साध्या विमानातून उडत शेजारी आलेलं स्पिटफायर बघता येतं. माझं मत विचाराल तर हा शेवटचा सौदा वाईट नाही, कारण आत बसलं की विमान सोडून सगळं दिसतं.

आणि कागद. इंग्लंडचा नियम असा की पाहुण्याला बसवण्याआधी स्पष्ट लिहून सांगायचं, हे विमान तुम्ही नेहमी बसता त्या प्रवासी विमानाच्या सुरक्षेच्या मापात बसत नाही, याला तसं सर्टिफिकेट नाही, धोका समजून तुम्ही स्वतः बसताय. आणि त्यावर सही घ्यायची. अमेरिकेतही जुन्या विमानांच्या राइड अशाच खास सवलतीवर चालतात. आणि धोका नुसता कागदापुरता नाही, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे कनेटिकटमध्ये पाहुण्यांना घेऊन उडालेलं जुनं बी-१७ बॉम्बर पडलं आणि सात माणसं गेली, नंतर तपासात देखभालीतल्या चुका निघाल्या आणि ते विमान चालवणाऱ्यांची परवानगी गेली. म्हणजे धोका आहे. तो कोणी नाकारत नाही, उलट सहीच त्याची घेतात.

मला वाटलं हा कागद बघून मामा मागे हटतील. मी त्यांना सगळं मराठीत वाचून दाखवलं, गेल्या रविवारी, ओझरला त्यांच्या ओट्यावर. त्यांनी पूर्ण ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ही आपली सही झाली. काम ज्याने केलं त्याची सही कुठंय?"

मी म्हटलं म्हणजे?

तर म्हणाले आमच्याकडे प्रत्येक कामाला कार्ड असायचं, रिव्हेट मारणाऱ्याची सही, मग इन्स्पेक्टर यायचा, आरसा-टॉर्च लावून बघायचा, त्याची सही, मगच पुढचा माणूस हात लावणार. एकदा मारलेल्या सव्वाशे रिव्हेट इन्स्पेक्टरने परत काढायला लावल्या होत्या, का तर दोन तिरप्या होत्या. तीच सही बघायची आहे मला, बाकी पडायचं असेल तर माणूस बाथरूममध्ये पण पडतो.

मी ताईला विचारलं. तिने तिकडे ईमेल करून विचारलं, की आमचे वडील आयुष्यभर विमानाच्या कारखान्यात होते, त्यांना उडण्याआधी मेंटेनन्सचं रेकॉर्ड बघता येईल का. उत्तर आलं, नेहमी दाखवत नाही, पण अशा पाहुण्याला हँगरमध्ये नेऊ, तिथल्या इंजिनियरशी गाठ घालून देऊ, हवं ते विचारा.

तेव्हापासून मामांनी मिगचं नाव काढलेलं नाही. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मामीनेच घेतलीय पुढच्या गुरुवारची, आणि वजनाची मर्यादा कळल्यापासून ती त्यांना रोज सकाळी टाउनशिपच्या रस्त्याने चालायला हाकलते. ते जातात. फक्त कारखान्याच्या बाजूच्या कुंपणापाशी सुखोईचा आवाज आला की थांबतात, त्यामुळे पाऊण तासाचं चालणं दीड तास चालतं.